‘बाप्तिस्मा घेऊन शिष्य’ की ‘शिष्य होऊन बाप्तिस्मा’?

अर्धविराम:
ख्रिस्ती उपासनेवरच्या एका छोट्या पुस्तिकेचे भाषांतर करताना एका वाक्यापाशी अडले आहे. बाप्तिस्मा आणि शिष्यत्व ही दोन निरनिराळी कामे नसून एकाच वाटचालीची अंगे आहेत, असा मुळातला आशय आहे. मी लिहिले, ‘बाप्तिस्मा घेऊन माणूस ख्रिस्ताचा शिष्य होतो.’ तपासनिसांनी ते खोडून ‘शिष्य होऊन माणूस बाप्तिस्मा घेतो’ असे केले आणि समासात ‘क्रम उलटा’ एवढाच शेरा मारला. मुळात क्रमाची गोष्टच नाही. कोणते आधी आणि कोणते नंतर हे न सांगता हे वाक्य मराठीत लिहिता येईल का?

कानामात्रा:
दोष तुमचाही नाही आणि तपासनिसांचाही नाही, तो ‘ऊन’ या प्रत्ययाचा आहे. बायबलच्या नव्या करारातल्या मत्तय २८:१९-२० या ज्या वचनावर ही सारी चर्चा उभी असते, त्याच्या ग्रीक मुळात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ते म्हणजे ‘शिष्य करा’. जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही तिन्ही धातुसाधिते, म्हणजे ‘जाऊन’, ‘देत’ यांसारखी रूपे आहेत. त्यांपैकी ‘जाणे’ आधी घडणारे आहे, म्हणून ‘जाऊन’ हे भाषांतर बिनचूक ठरते. उरलेली दोन मात्र वर्तमानकालवाचक असल्यामुळे ती शिष्य करण्याच्या बरोबरीने चालतात. तेव्हा ‘बाप्तिस्मा देत आणि शिकवत शिष्य करा’ ही रचना मुळाला जवळची आहे. अर्थात ‘ऊन’ नेहमीच क्रम सांगतो असेही नाही. ‘तो हसून म्हणाला’ या वाक्यात हसणे आटोपल्यावर बोलणे सुरू झाले असे कोणी समजत नाही. पण ‘बाप्तिस्मा घेऊन’ म्हटले की विधी उरकल्यासारखा वाटतो, हेही खरे.

उंबरठा:
मला अडचण ‘ऊन’पेक्षा ‘घेणे’ या क्रियापदात दिसते. आमच्या घरात दोन्ही प्रयोग होते. आजी नेहमी ‘माझा बाप्तिस्मा झाला’ म्हणायची, कारण तेव्हा ती पाळण्यात होती. काकांनी विचारपूर्वक, मोठेपणी तो स्वीकारला, म्हणून ते ‘मी बाप्तिस्मा घेतला’ म्हणत. एकदा मी आजीच्या बाबतीत ‘घेतला’ म्हटले, तेव्हा तिने मला तिथेच थांबवले आणि ‘मी काय घेणार? मला दिला,’ असे सुनावले. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे यांच्यातला सारा वाद या तीन क्रियापदांत मावतो. प्रेषितांची कृत्ये २२:१६ मध्ये हनन्या नावाचा शिष्य प्रेषित पौलाला जे सांगतो, तिथे ग्रीक क्रियापद ‘स्वतःचा करवून घे’ अशा प्रयोगाचे आहे, म्हणून तिथे ‘घे’ शोभते. सगळीकडे ते शोभेलच असे नाही.

तपासनिसांच्या बाजूनेही एक दाखला आहे. त्याच पुस्तकाच्या १९व्या अध्यायात पौलाला इफिस येथे सुमारे बारा माणसे भेटतात. त्यांना योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडे काही ठाऊक नसते, तरी लेखक त्यांना आधीच ‘शिष्य’ म्हणतो आणि प्रभू येशूच्या नावाचा बाप्तिस्मा त्यांना नंतर मिळतो.

निखळ:
ज्या शब्दाचा अर्थ सामान्य वाचकाला कळत नाही, त्याचा क्रम लावण्यात काय हशील? ‘बाप्तिस्मा’ हा शब्द परका आहे. ‘स्नानसंस्कार’ हा सुंदर मराठी शब्द उपलब्ध आहे, तमिळमध्ये तर ‘ज्ञानस्नान’ रूढच आहे. मग आपणच ग्रीक शब्द का कवटाळून बसावे? ‘शिष्य’ पाहा, किती बोलका शब्द आहे. ‘शास्’ धातूपासून तो आला, म्हणजे ज्याला शिकवायचे, ज्याला वळण लावायचे तो. ‘शिस्त’ही त्याच धातूची. इंग्रजीत ‘डिसायपल’ आणि ‘डिसिप्लिन’ जसे सख्खे, तसेच आपल्याकडे शिष्य आणि शिस्त.

कानामात्रा:
‘शिष्य’ शास् धातूचा, हे मान्य. ‘शिस्त’ मात्र फारसीतून आली आहे, आणि तिचा मूळ अर्थ नेम धरणे हा आहे. दोन्ही शब्दांचे चेहरे जुळतात म्हणून नाते जुळत नाही. शिवाय शुद्ध मराठीचा आग्रह धरताना फारसी शब्दाला संस्कृत गोत्र बहाल करणे मला जरा गमतीचे वाटले.

‘बाप्तिस्मा’ परका कसा? मराठीने तो इंग्रजी वळणाने न घेता ग्रीक ‘बाप्तिस्मा’च्या रूपानेच घेतला. ग्रीकमध्ये तो नपुंसकलिंगी होता, इथे आकारान्त म्हणून पुल्लिंगी झाला, आणि बाप्तिस्म्याला, बाप्तिस्म्याचा, बाप्तिस्म्याने असा सरळ चालूही लागला. ज्या शब्दाचे सामान्यरूप आपण विचार न करता करतो, तो शब्द आपल्या घरातला.

जुनी पोथी:
‘स्नान’ म्हटले की अर्थ धुण्यापुरता उरतो. ग्रीक क्रियापदाचा पसारा मोठा आहे. बुडालेल्या जहाजांसाठी ते वापरलेले आढळते. नामान हा सेनापती यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो, तिथे जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तेच आहे. आणि येशूने जेवणापूर्वी हात धुतले नाहीत याचे परूशी या कर्मठ यहुदी पंथातल्या माणसाला नवल वाटते, त्या लूक ११:३८ मध्येही तेच आहे. पौलाने तर रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात त्याचा अर्थ मरण आणि पुरले जाणे असा लावला. स्नानाने माणूस स्वच्छ होतो, पण मरत नाही.

भाषांतर करायचेच तर काय होते, तेही इतिहासाने दाखवले आहे. बंगाली नव्या करारात बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी ‘बुडवणे’ या अर्थाचा शब्द योजला, तेव्हा १८३०च्या दशकात ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्या आवृत्तीला साहाय्य नाकारले, कारण पाणी ओतणाऱ्या किंवा शिंपडणाऱ्या मंडळ्यांना तो शब्द चालणार नव्हता. त्याच वादातून १८३६ मध्ये अमेरिकेतल्या बॅप्टिस्टांनी स्वतंत्र संस्था काढली. एका क्रियापदापायी एवढे झाले. ग्रीक शब्द तसाच ठेवला की प्रत्येक पंथाला तेच पान उघडता येते. ‘दिदाखे’ या अगदी प्राचीन ग्रंथाच्या ७व्या अध्यायात मात्र फार समजूतदार सूचना आहे: वाहते पाणी घ्यावे, नसेल तर दुसरे, थंड चालत नसेल तर ऊन, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. (इथला ‘ऊन’ प्रत्यय नव्हे.)

निखळ:
पंथांच्या सोयीसाठी भाषेने मुके राहावे, हे मला पटत नाही. ‘स्नानसंस्कार’ रोजच्या वापरात असलेल्या मंडळींना त्यातून मरण आणि पुनरुत्थान समजावता येत नाही, असा त्याचा अर्थ होईल. शब्दाला अर्थ शिकवता येतो. ‘बाप्तिस्मा’ला नाही का शिकवला?

उंबरठा:
हा मुद्दा बिनतोड आहे. पण क्रमाच्या प्रश्नावर एक आठवण द्यावीशी वाटते. नारायण वामन टिळकांनी स्वतः १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी. मराठी कवीने ‘शिष्य’ हा शब्द बाप्तिस्म्यावाचून वापरून दाखवला, तो असा.

अर्धविराम:
सर्वांचे आभार, पण मी पाणी किती असावे हे विचारले नव्हते. सध्या ‘बाप्तिस्म्यातून आणि शिक्षणातून माणूस ख्रिस्ताचा शिष्य होत जातो’ असे केले आहे. ‘होत जातो’मुळे क्रमाचा प्रश्न बराच सुटतो, असे वाटते. आता पुढच्याच ओळीत ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ आले आहे, आणि मराठीत ‘नावाने’ म्हटले की खडे फोडणे नाहीतर अंघोळ करणेच आधी आठवते. इथे अंघोळ तर अगदीच नको.

कानामात्रा:
ग्रीक शब्दयोगी अव्यय ‘मध्ये’ किंवा ‘कडे’ अशा गतीचे आहे. त्या काळच्या पपायरसांत हाच वाक्प्रचार एखाद्याच्या खात्यावर रक्कम जमा करण्यासाठी येतो. मराठीत आपण घर मुलीच्या ‘नावावर’ करतो, तसा. तेव्हा ‘पित्याच्या नावावर बाप्तिस्मा’ म्हटले तर माणूस आता कोणाचा झाला, हे एका प्रत्ययात येते.

निखळ:
हे मात्र अस्सल मराठी आहे, मला मान्य.

जुनी पोथी:
मला नाही. ‘नावाने’ पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले आहे, आणि विधीच्या वेळी ऐकणाऱ्याला तलाठ्याची आठवण होऊ नये.

अर्धविराम:
दोन्ही रूपे तपासनिसांकडे पाठवली होती. ‘होत जातो’ राहिले. ‘नावावर’ खोडले गेले असून समासात ‘सातबारा?’ असा शेरा आहे.