मदत हवी आहे: बोल्टमध्ये एक्स्ट्रॅक्टर मोडला, आता पुढची हत्यारं कोणती घेऊ?

नमस्कार मंडळी,

घरातल्या लोखंडी वस्तूंची डागडुजी वर्षभरापासून स्वतःच करतोय. हाताशी पान्यांचा सेट, पक्कड, करवत, एक कानस आणि हातात धरायचं ड्रिल एवढंच आहे. शिवणयंत्राच्या जुन्या बिडाच्या स्टँडमधला ८ मिमीचा बोल्ट गंजून मोडला. त्यात भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर (मोडलेला बोल्ट उलटा फिरवून काढायचं निमुळतं हत्यार) फिरवला, तर तोही आतच तुटला. आता ड्रिल लावलं की बिट नुसता घसरतो, कीससुद्धा पडत नाही.

दोन प्रश्न आहेत. हे बाहेर कसं काढू? आणि माझ्याएवढ्या अनुभवाच्या माणसाने पुढे काय घ्यावं? टॅपचा (भोकात आटे पाडायच्या हत्याराचा) सेट आणि छोटं वेल्डिंग मशीन डोक्यात आहे. फाटकाचा पातळ पत्राही सुटलाय. स्टँड आजीचा आहे, तो खराब होऊ द्यायचा नाही.

प्रतिसाद

आधी ड्रिल थांबवा. एक्स्ट्रॅक्टर कडक केलेल्या पोलादाचा असतो, साधा बिट त्याला कापणारच नाही. बोल्टमधलं भोक आरपार गेलंय का बघा. गेलं असेल, तर खालून बारीक पंच लावून हलके ठोके द्या. एक्स्ट्रॅक्टर निमुळता असतो, त्यामुळे उलटा सुटतो. बीड ठिसूळ असतं, म्हणून ठोकताना त्याला जड लोखंडाचा टेकू द्या आणि चष्मा घालाच.

एक्स्ट्रॅक्टर दिसायला सोपा, पण माझ्या मते ते नवशिक्याचं हत्यार नाही. तो कितपत पिळ सोसेल हे हाताला कळायला वेळ लागतो. त्याऐवजी डावे, म्हणजे उलट्या दिशेने कापणारे, ड्रिल बिट घ्या. ड्रिल उलटं फिरवून भोक पाडायचं, पुष्कळदा तेवढ्यानेच बोल्ट निघून येतो.

खरेदीत पहिला नंबर व्हाइसचा, म्हणजे वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंजाचा. वस्तू हलत असेल तर महागातलं हत्यारही वाकडंच चालतं. मग सेंटर पंच (भोकाच्या जागी आधी खूण ठोकायला), आणि एका कानशीऐवजी दोन: एक खरबरीत, एक बारीक. कानस पुढे जाताना दाबा, मागे आणताना उचला. दातांत खडू घासलात तर कीस अडकत नाही. करवतीचं पान निवडताना निदान तीन दात धातूवर टेकले पाहिजेत. पातळ नळीला इंचाला ३२ दातांचं पान लागतं, जाड पट्टीला १८ चं चालतं.

टॅप जरूर घ्या, पण सुरुवातीला फक्त जुने आटे साफ करायला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. अडला की जोर लावायचा नाही, कारण मोडलेला टॅपही एक्स्ट्रॅक्टरइतकाच कडक.

वेल्डिंग इतक्यात नको. पातळ पत्र्याला पहिल्याच झटक्यात भोकं पडतात, त्याला पॉप रिव्हेट (वेल्डिंगशिवाय पत्रे जोडणारी खिळी) मारा. पुढे शिकलात तरी जस्ताचा थर घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू नका, तो धूर छातीत गेला की ताप भरतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. भोक आरपारच होतं. खाली टेकू देऊन ठोकलं आणि सहाव्या-सातव्या ठोक्याला तुकडा वर आला! बीड शाबूत आहे. आता ४ मिमीचं भोक पडलेला बोल्ट आत उरलाय. डावा बिट ५ चा लावू की थेट ६.८ चा?

प्रतिसाद

आधी ५. भोक जरा जरी मध्यावरून सरकलेलं असेल, तर ६.८ चा बिट बिडाचेच आटे खाईल. गंज सैल करणारं तेल घालून रात्रभर ठेवा, मग हळू वेगात चालवा.