सांगली सिव्हिलजवळच्या चहा-कॅफेत ‘पुढच्यासाठी एक चहा’: हिशेब कसा ठेवायचा?

प्रश्न (कृष्णाकाठ)
गिऱ्हाइकानं जादा एका चहाचे पैसे द्यायचे, त्या चहाचं कुपन पेशंटच्या नातेवाइकांसाठी भिंतीवर लावायचं, असं करायचं म्हणतोय. इटलीत नेपल्सला कॉफीची अशी जुनी पद्धत आहे. चहा १० रुपये, कप ७० मिलीचा. कुपन कागदी ठेवू का? आणि सगळी एकाच माणसानं नेली तर?

उत्तर (उकळी)
दादा, आधी खर्च मांडा. १ लिटर दूध, ६०० मिली पाणी, ४० ग्रॅम पावडर, १२० ग्रॅम साखर. आटून साधारण १.४ लिटर उरतो, म्हणजे २० कप. दूध ६० रुपये लिटर, पावडर ४०० रुपये किलो धरली तर आलं-गॅससकट कपाला साडेचारच्या आत बसतो. मजुरी-भाडं यात नाही. तरी एका कुपनामागं दुसरा कप दुकानानं घालावा. नाहीतर ते दान गिऱ्हाइकाचं, नाव तुमचं!

कागद नको. शेगडीकडच्या भिंतीवर वाफेनं शाई पसरते. भोक पाडलेले स्टीलचे बिल्ले आणि खिळ्यांची फळी करा. बिल्ल्यावर रक्कम घालू नका, नुसतं ‘१ चहा’. पैसे वेगळ्या डब्यात, बिल्ला लटकवला तेव्हाच टाकायचे. रात्री गिऱ्हाइकांच्या पैशांतून दिवसभरात लटकवलेले बिल्ले आणि डब्यातले पैसे जुळले पाहिजेत. गल्ल्यात मिसळले की आठवड्यात घोळ. दर वाढवायच्या आधी जुने बिल्ले संपवा, नाहीतर फरक तुमच्या अंगावर.

उत्तर (मिरज_जंक्शन)
सगळे बिल्ले सकाळीच लावू नका. ८ सकाळी, ८ दुपारी, उरलेले रुग्णभेटीच्या वेळेआधी. घेणाऱ्याला विचारपूस नको. ‘कोणत्या वॉर्डात?’ म्हटलं की खरा गरजू परत येत नाही, निर्ढावलेला मात्र येतो. एखादा रोज तीन नेतो, त्याचं सोडून द्या. जत-आटपाडीकडची माणसं मागायला लाजतात, म्हणून फळी काउंटरच्या मागं नको, दाराजवळ हाताला येईल अशी. मिरजेत करणार असाल तर पाटीवर एक ओळ कन्नडमध्ये हवीच.

प्रश्नकर्ता
उरलेले पोहे वाटले तर चालतील? आणि चहाचा चोथा शेजारच्या बागेला?

उत्तर (उकळी)
पोह्यांच्या भानगडीत जपून. ओलं खोबरं घातलेले पोहे उन्हाळ्यात दोन तासांत उतरतात. खोबरं-कोथिंबीर वरून, देताना घाला. सकाळी ८ चे पोहे ११ नंतर कुणालाच देऊ नका.

चोथा थेट कुंडीत टाकला की मुंग्या आणि पांढरी बुरशी, कारण त्यात दूध-साखर असते. चाळणीत दोनदा पाण्यानं धुवा, एक दिवस उन्हात पसरा, मग एक भाग चोथ्याला दोन भाग वाळका पाला घालून खड्ड्यात. न धुतलेला असेल तर तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो आणि शेजारी तक्रार घेऊन येतात. दीड-दोन महिन्यांनी काळा, भुसभुशीत झाला की गुलाबाला मूठभर, बुंध्यापासून वीतभर लांब.