शिस्त की छळ? 'द लॅम्प स्टिल बर्न्स' आणि मेट्रनबाईंचा दरारा

खडूस_वाचक: परवा दादरकरांनी इथे लिहिलं: "१९४३ चा ब्रिटिश सिनेमा 'द लॅम्प स्टिल बर्न्स' पाहा, म्हणजे नर्स कशी घडते ते कळेल. हल्लीच्या पोरी मोबाइलमधून मान वर काढत नाहीत." डोक्यात तिडीक गेली, म्हणून एवढं लांबण. काका, सिनेमा पाहिलात की फक्त पांढऱ्या टोप्या? नायिका हिलरी चांगली आर्किटेक्ट असते, ते सोडून प्रोबेशनर, म्हणजे शिकाऊ नर्स होते आणि पुढे अख्खा सिनेमा तिचं नि नियमांचं वाजत राहतं. तुम्ही त्यातून काढलं काय, तर 'शिस्त हवी'!

दादरकर: पाहिलाय, दोनदा. युद्धात नर्सा कमी पडत होत्या, पोरींनी यावं म्हणून काढलेला सिनेमा तो. शिस्त वाईट असती तर दाखवली असती का? माझी आई नर्स होती. ऐंशी वर्षांची आहे, अजूनही पलंगाच्या चादरीचा कोपरा असा दुमडते की पाकिटच. हे कुठून आलं?

पुस्तकी_किडा: मूळ पुस्तक मोनिका डिकन्सचं, १९४२ चं. चार्ल्स डिकन्सची पणती. स्वतः नर्सिंग शिकायला गेली आणि वॉर्डातल्या फजित्या हसतखेळत लिहिल्या. सिनेमात तो खट्याळपणा धुऊन टाकलाय. निर्माता लेस्ली हॉवर्ड, आणि प्रदर्शनाआधीच, जून १९४३ मध्ये, त्याचं विमान जर्मनांनी पाडलं. त्यावर वेगळा धागा काढू का?

खडूस_वाचक: नको.

वॉर्ड_नं_७: चादरीचं कौतुक पुरे. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलाय. आमच्याकडे थर्मामीटर फुटला की स्टायपेंडमधून पैसे कापायचे. एकदा पेशंटच्याच हातून पडला, तरी माझेच कापले. रात्री साडेआठला हॉस्टेलचं दार बंद. ड्युटी लांबल्याने उशीर झाला तर वॉर्डनला लेखी माफीनामा. यातून घडले काय मी? नुसती घाबरट झाले.

दादरकर: ताई, एका हॉस्टेलवरून सगळ्यांना झोडपू नका.

वॉर्ड_नं_७: आणि तुम्ही एका आईवरून सगळ्यांना घडवू नका.

लग्नाळू: मुद्दा लग्नाचा आहे आणि सगळे चादरीवर अडलेत. सिनेमातला खरा पेच तोच: लग्न की वॉर्ड. इंग्लंड-वेल्समध्ये शिक्षिकांवरची लग्नबंदी (लग्न केलं की नोकरी गेली) १९४४ च्या कायद्याने उठली. आपल्याकडे? लष्करी परिचर्या सेवेतल्या एका लेफ्टनंटला १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून घरी पाठवलं. तो नियम १९७७ चा, मागे घेतला १९९५ मध्ये. आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला साठ लाख द्यायला सांगितलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये! हिशोब करा.

पुस्तकी_किडा: परराष्ट्र सेवेतही बायकांना लग्नाआधी परवानगी लागायची. त्याच सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा १९७९ मध्ये कोर्टात गेल्या तेव्हा...

खडूस_वाचक: म्हणजे सिनेमातला प्रश्न आपल्याकडे अर्धशतक चालू. दादरकर, आता बोला.

दादरकर: आई लग्नानंतरही नोकरी करत होती. कुणी काढलं नाही.

लग्नाळू: ती लष्करात नव्हती, काका.

वॉर्ड_नं_७: आणि तुम्ही तान्हे असताना रात्रपाळीत कोण सांभाळायचं?

दादरकर: आजी. आईने एकदा मेट्रनकडे, म्हणजे मुख्य नर्सकडे, पाळी बदलून मागितली होती, मिळाली नाही. 'घरी बसा मग,' असं उत्तर. आई हे हसत सांगते. मला कधी हसू आलं नाही, हे खरं.

खडूस_वाचक: म्हणजे मान्य?

दादरकर: मान्य काय! बरं, लग्नाचा नियम वाईट, पाळीचाही वाईट. चादरीचा नियम मात्र चांगला. झालं समाधान?

वॉर्ड_नं_७: घरी चादर कोण घालतं?

दादरकर: आई.