गाविलगडावरून अर्ध्यातून परत फिरलो: बरोबर केलं की चुकलं?

मूळ पोस्ट (दारव्ह्याचा भटक्या)

शनिवार-रविवार आमच्या तालुक्यातले २२ जण चिखलदऱ्याला गेलो होतो. कॉलेजची पोरं, चार शिक्षिका, दोन शेतकरी, एक निवृत्त पोस्टमन. रविवारी तिथला गाविलगड किल्ला पायी पालथा घालायचा बेत होता. दक्षिणेचा कडा गाठायचा, खाली वऱ्हाडचं मैदान डोळे भरून बघायचं आणि परत यायचं. नऊला निघालो. कुठंही असलो तरी सव्वा वाजता मागे वळायचं, हे मी आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगितलं होतं.

हस्त नक्षत्र चालू. सकाळी लख्ख ऊन होतं. बाराच्या सुमारास दरीतून धुकं वर आलं ते इतकं, की पुढच्या पोराची लाल टोपी दहा पावलांवर दिसेनाशी झाली. मग पुन्हा उघडलं. एक वाजता दक्षिणेला काळं आभाळ आणि लांबवर गडगडाट. कडा अर्ध्या तासावर होता. मी सव्वा वाजता सगळ्यांना मागे वळवलं.

आणि पाऊस आलाच नाही. तीन वाजता चिखलदऱ्यात स्वच्छ ऊन पडलं होतं. सात पोरं बसमध्ये माझ्याशी बोलली नाहीत. मला आजही वाटतं की मी बरोबर होतो. निर्णय तपासायचा तर त्या घडीला समोर काय दिसत होतं त्यावरून तपासावा, तीन वाजताच्या उन्हावरून नाही. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं सांगा.

प्रतिसाद १ (सह्याद्री ते सातपुडा)

दादा, पटलं नाही. पावणेदोनशे किलोमीटर बसमध्ये अंग आंबवून यायचं आणि अर्ध्या तासावरचा कडा सोडायचा? पोरांना वर्षातून एकदा घरून परवानगी मिळते. ढग बघून फिरायचं म्हटलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात सातपुड्यात पाऊल ठेवायलाच नको. चांगली चालणारी सात-आठ पोरं पुढे धाडायची, बाकीच्यांना घेऊन तुम्ही मागे फिरायचं. सगळ्यांचं मन राखलं गेलं असतं.

प्रतिसाद २ (अकोटची वाटसरू)

गट फोडण्याला माझा ठाम विरोध. आम्ही तीन वर्षांपूर्वी याच डोंगररांगेत हेच केलं होतं. पुढचे पाच, मागचे नऊ. मधे धुकं उतरलं. पुढच्यांना वाटलं मागचे परत गेले, मागच्यांना वाटलं पुढचे वाट बघताहेत. फोनला रेंज नाही. एक पोरगा लघवीला थांबला आणि कुठल्याच गटात उरला नाही. दोन तासांनी गुरांच्या वाटेवर सापडला, दगडावर बसून रडत होता. धुक्यात माणसाची हाक नेमकी कुठून येते ते कळत नाही, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी आणि गट एकच.

प्रतिसाद ३ (पायथ्याचा माणूस)

भाऊ, तुमी परत आले थे बेस केलं. पण मले एक सांगा, नऊ वाजता काहून निंघाले? हस्त लागला का आमच्याकडं सकायी आभाय मोकयं असते, दुपार झाली का गरजते. मैदानावरचा दमट वारा गाविलगडच्या भिताडाले धडकते अन् सरका वर चढते. परतवाड्यापासून वर चिखलदऱ्यापर्यंत सातशे मीटरचा चढ हाये, थो वारा वर गेला का ढग झालाच समजा. साडेपाचले निंघाले असते तं अकरापर्यंत कडा पाहून परत फिरले असते. अन् संगं गावातला कोरकू आदिवासी माणूस घेतला होता का? थो गुरं कुठं गोया झाली हे पाहून सांगते. घड्यायापेक्षा त्याचं आयका.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

उशिरा निघालो ही चूक माझीच, कबूल. पोहे, आंघोळी आणि फोटो यांत दोन तास गेले. वाटाड्या घेतला नव्हता, तीही चूक. पुढच्या वेळी पहिला फोन गावात.

पण गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते, यावर मी तडजोड करणार नाही. वीज लख्ख चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की उघड्यावर थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा उघड्यावर जायचं नाही. आम्ही मोजले तेव्हा पंचवीस भरले. गडावर आसरा कसला? पडक्या भिंती, एकटी उंच झाडं, छातीएवढं गवत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये होतं, पण रेंजच नसेल तर ते काय सांगणार?

माझा पुढचा नियम असा: कुणा एकालाही नको वाटलं, तरी सगळे परत.

प्रतिसाद ४ (सह्याद्री ते सातपुडा)

सेकंदांचं पटलं. पंचवीस भरले असतील तर मीही वळलो असतो, हे आधीच लिहायला हवं होतं. पण 'कुणा एकाला नको वाटलं तर' हा नियम अजिबात मान्य नाही. ज्याला नुसता कंटाळा आला तोही हात वर करेल आणि एकवीस जणांचा दिवस जाईल. त्यापेक्षा महिनाभर आधी गावाजवळच्या टेकडीवर सगळ्यांना चालवून बघा. ज्याला झेपत नाही त्यानं चिखलदऱ्यात देवी पॉइंट बघावा. त्यात कमीपणा कसला?

प्रतिसाद ५ (त्या चारपैकी एक शिक्षिका)

मी त्या २२ जणांत होते. कंटाळ्यानं कुणी हात वर करेल असं ज्यांना वाटतं, त्यांना एवढंच सांगते. साडेअकरालाच माझ्या डाव्या बुटाचा तळ निघाला होता. शेवाळलेल्या दगडावर दोनदा घसरले, गुडघा सुजला. तळ ओढणीच्या चिंधीनं बांधला आणि एक शब्द बोलले नाही. पुढची पोरं घाईत होती, त्यांच्या कड्याआड मी येऊ नये असं वाटत होतं. मोकळा हात दिला तरी आमच्यासारखी माणसं तो वर करत नाहीत, लपवतात.

सव्वा वाजता भाऊ 'वळा' म्हणाले तेव्हा मला रडू आलं. तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं, भाऊंनीही नाही. पुढच्या वेळी दर तासाला थांबून प्रत्येकाच्या पायाकडे बघा. मी येणार आहे, बूट नवे घेतलेत.