शब्दचर्चा : आठवणींच्या गोधडीला मराठीत काय म्हणावं?

पेठकरीण
आजीची सुती लुगडी आईनं जपून ठेवली होती. त्यांची गोधडी हातानं शिवायला घेतली आहे. वरच्या थरात घरातल्या प्रत्येकाच्या जुन्या कपड्याचं एकेक ठिगळ असेल, आणि आजी ज्याला जी हाक मारायची ती हाक त्या ठिगळावर दोऱ्यानं भरायची, असा बेत आहे. इंग्रजीत याला ‘मेमरी क्विल्ट’ म्हणतात. मला मराठी नाव हवंय, कारण एका कोपऱ्यात तेही भरायचं आहे. आई ‘गोधडी’च म्हणते. काकूंना तो शब्द दरिद्री वाटतो, त्या म्हणतात ‘रजई’ लिही. सासूबाई सांगलीकडच्या, त्यांच्या तोंडी ‘वाकळ’. जाणकारांनी सांगावं.

मिरजकर
सासूबाईंचं बरोबर आहे. आमच्याकडं घरोघरी वाकळच. वस्तू तीच : जुन्या कापडाचे थर आणि त्यांवर धावदोरा. पुण्यात शिवताय तर गोधडी लिहा, सांगलीला पाठवणार असाल तर वाकळ. दोन्ही शब्द अस्सल आहेत.

सुईदोरा
रजई मात्र लिहू नका. रजईत पिंजलेला कापूस भरलेला असतो, दुलईतही. गोधडीत कापसाचं भरण नसतं, कापडावर कापड असतं. लुगड्याच्या चार घड्या घालून शिवली की ती चौघडी. तान्ह्या बाळाचं ते दुपटं. एकाच घरात ही सगळी असत आणि कुणी एकीला दुसरीच्या नावानं हाक मारत नसे.

दारिद्र्याचं म्हणाल, तर गाडगे महाराजांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत ते अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळे. त्या नावात अपमान नव्हता, जिव्हाळा होता. काकूंना हे जरूर सांगा.

आता तुमच्या ‘ठिगळ’ या शब्दाबद्दल. ठिगळ लागतं ते फाटलेल्यावर. धडक्या कपड्यातून कापून घेतलेला असतो तो तुकडा. ठिगळ लावतात, तुकडे जोडतात. तुमच्या वरच्या थराला तुकडेच म्हणा. पुढे वापरून गोधडी एखाद्या ठिकाणी विरली की तिथं ठिगळ येईल, आणि ते यावंच.

शिवण्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण लुगडी पुन्हा मिळायची नाहीत. आधी सगळं कापड रात्रभर पाण्यात भिजवून खळ काढा. खळ राहिली की सुई अडते आणि बोटं सोलून निघतात. गडद रंगाची लुगडी वेगळी भिजवा, पाण्याला रंग सुटत असेल तर ती आतल्या थरात घाला. खालचं लुगडं फरशीवर अंथरून चारी बाजूंनी ताणा, कोपऱ्यांवर वजन ठेवा. त्यावर आतले थर, एकही चुणी राहू न देता. मग तुकडे जोडून तयार केलेला वरचा थर, आणि सगळ्यावरून हातभर अंतरानं लांब कच्चे टाके. पक्का धावदोरा कडेपासून सुरू करून आत आत चौकोनात जातात. आम्ही दोन ओळींत बोटभर अंतर ठेवतो. प्रत्येक ओळीनंतर तळहात फिरवून पाहायचं, आतला थर गोळा झाला असेल तर तिथंच उसवायचं. कडेला लुगड्याचा काठ दुमडून लावला की तो गोट झाला. नायलॉनची साडी कितीही आवडती असली तरी थरात नको, ती सरकते आणि घाम टिपत नाही. टी-शर्टाचा तुकडा ताणला जातो, त्याला आधी मागून सुती अस्तर लावा.

कोथरूडकर
नावं शिवलेल्या गोधडीचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं. एड्सनं गेलेल्यांच्या स्मरणार्थ १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत ते काम सुरू झालं. एकेका माणसासाठी ३ फूट बाय ६ फुटांचा एकेक पट, आप्तांनी शिवलेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला ते पट मैदानावर अंथरले, तेव्हा ते १९२० होते. पण ती पांघरायची वस्तू नव्हे, लोकांनी पाहावी म्हणून आहे. पेठकरीणताई, तुमची पांघरायची आहे की भिंतीवर लावायची? शब्द त्यावरही ठरेल.

जुनी बखर
अक्षरं असलेल्या पांघरुणाला मराठीत मोठा आधार आहे : पासोडी. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरणावरचा, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते या वेदान्तातल्या विचारावरचा, मजकूर कागदावर न लिहिता पासोडीवर लिहिला. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड, त्यावर ओव्या आणि आकृत्या. पुणेकरांना हा शब्द नवा नाही. बुधवार पेठेत पासोड्या विठोबा आहे, देवळासमोर पासोड्या विकायला बसत म्हणून देवाला ते नाव पडलं असं सांगतात. कोपऱ्यात ‘आजीची पासोडी’ असं भरा. मावळू लागलेला शब्द एका घरात तरी बोलता राहील.

पेठकरीण
पांघरायचीच आहे. धाकट्या भावाचं बाळ येणार आहे, ते तिच्यावर लोळेल. पासोडीची माहिती वाचून अंगावर काटा आला. दोरे आणायला रविवार पेठेत जाते तेव्हा त्या विठोबावरूनच जाते, पण नावाचा अर्थ कधी मनात आला नव्हता. लिहू का पासोडी?

सुईदोरा
शब्द सुंदर आहे, तरी माझं मत नाही असं. पासोडी म्हणजे विणकराकडून आलेलं जाडंभरडं पांघरूण. दासोपंतांनी त्यावर लिहिलं, पण ते वस्त्र तुकड्यांचं नव्हतं. तुमच्या कामातला जीव जोडण्यात आहे, तो त्या शब्दात येत नाही.

मिरजकर
सहमत. ‘आठवणींची गोधडी’ही मला पटत नाही, इंग्रजीवरून बेतल्यासारखं वाटतं. आपण गोधडीला माणसाच्या नावानं ओळखतो. आक्काची वाकळ, मामींची गोधडी. आता ‘आजीची गोधडी’ म्हटलं तर आजीनं शिवलेली, आजी पांघरायची ती, आजीच्या कपड्यांची, असे तिन्ही अर्थ निघतात. तुम्हाला तिसरा हवाय. मग सरळ ‘आजीच्या लुगड्यांची गोधडी’ लिहा.

जुनी बखर
तुकड्यांचा मुद्दा मान्य. मिरजकरांचं नाव चांगलं आहे. ‘लुगडं’ शब्दही त्यात राहतो, तोही आता कमीच कानावर येतो.

पेठकरीण
ठरलं! आईला वाचून दाखवलं, तिला फार आवडलं. काकूही ‘गोधडे महाराज’ ऐकून राजी झाल्या. आता एकच शंका : अक्षरं कोणत्या टाक्यानं भरू? धावदोऱ्यानं काढलेलं ‘आजी’ तुटक दिसतंय.

सुईदोरा
साखळी टाका घ्या, दोन पदरी दोऱ्यानं. आधी खडूनं लिहून घ्या, मग पूर्ण शिरोरेघ एका दमात भरा आणि अक्षरं तिला खाली लटकवत जा, म्हणजे ओळ वाकडी होत नाही. ‘लुगड्यांची’मधलं जोडाक्षर आणि अनुस्वार नीट उमटायला अक्षर निदान इंचभर उंच हवं. हे सगळं सुट्या तुकड्यावर भरा आणि मगच तो तुकडा वरच्या थरात जोडा. थर एकत्र झाल्यावर भराल तर प्रत्येक गाठ खालच्या बाजूला येईल आणि बाळाला टोचेल.