गाडीवरची सायकल गेली आणि आयोजक म्हणतात आमचा संबंध नाही, हे बरोबर आहे का?

चढउतार :
दोन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. 100 किलोमीटरची राईड होती, संपवली, मेडल घेतलं आणि सायकल गाडीच्या टपावरच्या कॅरिअरला लावली. माझं कॅरिअर फोर्कवालं आहे, म्हणजे पुढचं चाक काढायचं, फोर्क (पुढचं चाक धरणारा सायकलचा दुभागी दांडा) क्लॅम्पमध्ये अडकवायचा आणि चाक डिकीत टाकायचं. वरून केबल लॉकही लावलं होतं. मग सर्टिफिकेट घ्यायला आणि कपडे बदलायला स्टेजकडे गेलो, तिथे ओळखीचे भेटले, पाऊण तास गेला असेल. परत येऊन बघतो तर टपावर क्लॅम्प उघडा आणि कापलेली केबल काचेवर लोंबतेय. डिकी उघडली तर पुढचं चाक जसंच्या तसं, टायरवरचा चिखल अजून ओला. ते एकटं चाक हातात घेतल्यावर जे वाटलं ते सांगता येत नाही. माझ्याच ओळीतल्या अजून दोन गाड्यांवरून सायकली गेल्या होत्या.

आयोजकांकडे गेलो तर त्यांनी फॉर्म पुढे केला, त्यात अगदी खाली एक ओळ की पार्किंगमधल्या वाहनाची आणि सामानाची जबाबदारी सहभागींची. विषय संपला त्यांच्या दृष्टीने.

चोरी त्यांनी केली नाही हे मलाही कळतं. पण गाडी कुठे लावायची ते त्यांनीच सांगितलं ना, दुसरीकडे लावू देत नव्हते. मैदान स्टेजपासून लांब, मधे झाडं, काही दिसत नाही. तारीख, जागा, सुटायची वेळ, बक्षीस समारंभाची वेळ सगळं महिनाभर आधी जाहीर केलेलं. म्हणजे अमुक दिवशी अमुक वेळेला दीडदोनशे गाड्या उभ्या असणार, निम्म्यांवर महागडी सायकल असणार आणि सगळे मालक टाळ्या वाजवायला दुसरीकडे असणार, हे चोराला घरबसल्या कळतं. ही वेळ आयोजनामुळे तयार होते, मग तेवढ्या वेळात दोन माणसं मैदानात फिरती ठेवणं हे रस्त्यात पाणी ठेवण्याइतकंच आयोजकांचं काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

कडेकडेने :
फार वाईट झालं, मनापासून वाईट वाटलं. पण तुझं म्हणणं मला पटत नाही. मी बऱ्याच राईड्सच्या आयोजनात राबलोय, एक रुपया न घेता, म्हणून दुसरी बाजू सांगतो. आपल्याकडे माणसं किती असतात ते बघ. प्रत्येक वळणावर एक, पाण्याच्या प्रत्येक जागी दोन, ॲम्ब्युलन्सबरोबर एक, मागून येणाऱ्यांना गोळा करणाऱ्या गाडीत एक. वळणावरचा माणूस कमी केला तर कुणीतरी चुकीच्या रस्त्याला लागून ट्रकखाली जाऊ शकतो. आता मला सांग, माणसं कमी असतील तर मी ती जिवासाठी उभी करू का टपावरच्या सायकलीसाठी?

आणि समज दोन जण मैदानात ठेवले, ते करणार काय? दोनशे गाड्यांचे मालक त्यांना तोंडाने माहीत नसतात. कुणी सायकलचे कपडे घालून, हेल्मेट डोक्यावर ठेवून गाडीजवळ गेला आणि सायकल खाली काढायला लागला तर तो मालकच आहे असं कुणालाही वाटणार. मालकालाच अडवून पुरावा मागितला तर त्यावरून भांडणं वेगळी.

वळणवाट :
चावी कुणाच्या हातात होती हा खरा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये 1937 सालचा ॲशबी विरुद्ध टोलहर्स्ट म्हणून एक खटला आहे, पैसे देऊन पार्किंगमध्ये लावलेली गाडी चोरीला गेली, तिथल्या माणसाने ती भलत्याला नेऊ दिली, तरी कोर्टाने सांगितलं की तुम्हाला फक्त जागा वापरायची परवानगी मिळाली होती, गाडी कुणी ताब्यात घेतली नव्हती. उलट भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हॉटेलच्या एका प्रकरणात म्हटलं की चावी घेऊन गाडी तुम्ही लावलीत म्हणजे ती तुमच्या ताब्यात आली, मग स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी 'मालकाच्या जोखमीवर' असं छापून झटकता येत नाही. दोन देश, दोन वेगळे निकाल, पण दोन्हीकडे बघितलं तेच, ताबा दिला होता का. या धाग्यातल्या प्रकरणात चावीही दिलेली नाही आणि सायकलही सोपवलेली नाही. कायद्याने फार काही हाताला लागेल असं मला वाटत नाही.

चढउतार :
वळणवाट, मी कोर्टात जातोय असं कुठे म्हटलं? माझा मुद्दा नैतिक जबाबदारीचा आहे. कायदा सुटका देतो म्हणून काहीच करायचं नाही असं थोडंच आहे.

आणि कडेकडेने, सायकलचे कपडे घातलेला चोर ओळखता येत नाही म्हणतोस, त्यावर उपाय कधीचा शोधलेला आहे. ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) सायकली जिथे ठेवतात त्या कुंपणातून बाहेर पडताना गेटवरचा माणूस सायकलवरचा नंबर आणि मनगटावरच्या पट्टीचा नंबर जुळवून बघतो. नाही जुळला तर सायकल बाहेर जात नाही, मग तू कोणीही अस. त्यात चेहरा ओळखायची गरजच पडत नाही. माझ्या हँडलला त्या दिवशी नंबर तसाच बांधलेला होता आणि माझ्या छातीवरही तोच होता.

तेलकट साखळी :
इथे मी चढउतारच्या बाजूने. हे करायला कुंपणसुद्धा फार मोठं लागत नाही, बॅरिकेडचा एक चौकोन, आत आडवे बांबू, एकच वाट आणि वाटेवर एक माणूस. फिनिश झाल्यावर सायकल तिथे ठेवायची, समारंभ वगैरे आटपला की नंबर दाखवून न्यायची. दोनशे गाड्यांवर नजर ठेवण्यापेक्षा एका वाटेवर नजर ठेवणं सोपं.

कडेकडेने :
ट्रायथलॉनचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे पोहून आल्यावर सायकल घ्यायची असते, त्यामुळे ती जागा शर्यतीचाच भाग असते, लांब पल्ल्याच्या शर्यतीत तर आदल्या दिवशीच सायकल आणून ठेवावी लागते आणि रात्रभर पहारा असतो. त्याचा खर्च प्रवेश शुल्कातच धरलेला असतो. आमच्या राईडचं शुल्क थोडं वाढवलं तरी लगेच लूट चाललीये म्हणून मेसेज फिरतात, हे मी स्वतः वाचलेत.

शिवाय एकदा तो चौकोन केला आणि तिथूनच एखादी सायकल गेली किंवा पडून फ्रेमला तडा गेला तर? वळणवाट म्हणतात तसा ताबा आता आमच्याकडे आला. आज जे म्हणतात काहीतरी करा तेच उद्या भरपाई मागतील. त्या भीतीने छोटे क्लब राईडच बंद करतील, मोठ्या कंपन्यांच्याच राहतील.

शेवटचा गियर :
जरा कडक बोलतो, राग मानू नका. टपावरच्या सायकलला बारीक केबल लावून पाऊण तास जाणं ही चूक आहे. केबल कटरने ती काही सेकंदात तुटते, ती फक्त जाता जाता हात मारणाऱ्याला थांबवते, ठरवून आलेल्याला नाही. जाड चेन किंवा यू लॉक फ्रेममधून घालून गाडीच्या अशा भागाला अडकवा जो सुटत नाही. मागच्या हिचवाल्या रॅकला, म्हणजे गाडीच्या मागच्या टोइंगच्या खाचेत पिनने बसतो त्याला, तर पिनलाही कुलूप लागतं, नाहीतर रॅकसकट सायकली जातात. आणि शक्य असेल तेव्हा सायकल गाडीच्या आतच, सीट पाडून, वर चादर. चिखल लागतो, लागू दे.

पहारा असला म्हणून सायकल वाचते असंही नाही. 2021 मध्ये फ्रान्समधल्या रूबे शहरात ट्रॅक सायकलिंगची जागतिक स्पर्धा चालू असताना इटलीच्या टीमच्या 22 सायकली व्हॅनमधून गेल्या, नंतर थेट रोमेनियात सापडल्या. 2025 च्या टूर द फ्रान्समध्ये पहिल्या टप्प्यानंतर कोफिदिसच्या ट्रकमधून 11 आणि त्याच वर्षी व्हुएल्टा या स्पेनच्या मोठ्या शर्यतीत व्हिस्माच्या ट्रकमधून 18. हे व्यावसायिक संघ आहेत, त्यांचे मेकॅनिक त्यांच्याबरोबर असतात. तिथे ही गत तर रविवारच्या राईडच्या आयोजकाकडून काय अपेक्षा करणार.

तेलकट साखळी :
तुमचीच उदाहरणं घ्या ना. हे ठरवून येणारे लोक आहेत, स्पर्धेचं वेळापत्रक बघून येतात. मग एकेका माणसाने जाड चेन आणली तर चोर शेजारच्या गाडीकडे जाणार, एवढंच. सगळ्यांना पुरेल असा बंदोबस्त सगळ्यांसाठी जो आयोजन करतो त्यालाच करता येतो.

अजून एक, चढउतारसाठी. सायकल पुढच्या चाकाशिवाय गेलीये, म्हणजे विकायला येईल तेव्हा एकतर नुसती फ्रेम म्हणून येईल नाहीतर पुढे मागे वेगळ्या जातीची चाकं असतील. जुन्या सायकलींच्या जाहिरातीत तेच बघत राहा. पेडलच्या मधे, खालच्या बाजूला फ्रेम नंबर कोरलेला असतो, बिलावर असेल तर पोलिसांच्या तक्रारीत तो घातलाय का ते बघून घ्या, नसेल तर पुरवणी जबाब द्या. रंग आणि कंपनी सांगून कुणी सायकल परत देत नाही.

वळणवाट :
विम्याचंही बघा. बऱ्याच पॉलिसीत अट असते की फ्रेम न हलणाऱ्या वस्तूला मान्यताप्राप्त कुलपाने बांधलेली हवी, आणि गाडीवर सोडून गेलात तर किती वेळ ते वेगळं. कापलेली केबल टाकून दिली नाहीत ना? तो पुरावा आहे.

चढउतार :
केबल ठेवलीये, चाकाशेजारीच. फ्रेम नंबर बिलावर होता, तक्रारीत घातला. विमा नव्हता.

शेवटचा गियर, केबलची चूक मान्य, पूर्ण मान्य, पुन्हा तसं करणार नाही. पण माझी चूक होती म्हणून आयोजकांचं काम शून्य होतं हे मी मानणार नाही. मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगतो. तिथला एक व्हॉलंटियर हळूच म्हणाला की मागच्या वर्षीपण याच मैदानातून एक गेली होती. आम्हाला कुणी सांगितलं? सकाळच्या ब्रीफिंगमध्ये खड्डे सांगितले, उतार सांगितला, कुत्री कुठे अंगावर येतात ते सांगितलं, मग हे एक वाक्य का नाही? ते ऐकलं असतं तर मी सायकल स्टेजपर्यंत ढकलत नेली असती. त्याला ना माणूस लागत होता ना पैसा.

कडेकडेने :
हे मात्र चूक आहे, त्यांची बाजू मी घेणार नाही. आधीची चोरी माहीत असून लपवली असेल तर फॉर्मवरच्या ओळीमागे लपता येणार नाही. आम्ही अशी गोष्ट झाली तर सांगू, आणि रविवारी होणाऱ्या आमच्या पुढच्या राईडच्या ब्रीफिंगच्या कागदात टाकतोच.

पण बॅरिकेडच्या चौकोनाला माझ्याकडे माणूस नाही ते नाहीच. खरंच तळमळ असेल तर फिनिशनंतरचे तीन तास कुणीतरी येऊन उभं राहा, नंबर जुळवायचं काम करा.

चढउतार :
मी येतो. माझ्याकडे आता चालवायला सायकल नाही, त्यामुळे तो रविवार तसाही मोकळा आहे. अजून एक जण लागेल, एकटा तीन तास जागा सोडू शकत नाही.

तेलकट साखळी :
मी राईड करणार आहे पण तासाभरात माझी छोटी राईड संपते, नंतर येतो.

कडेकडेने :
या दोघं, बॅरिकेड मी मिळवतो. पण फॉर्मवर 'सुरक्षित पार्किंग' असा शब्द मी लिहू देणार नाही, त्या बाबतीत माझं मत आहे तेच आहे.