लिटल वॉल्टर आणि माइकची ओंजळ

"माइक लावला की कुणाचाही माउथ ऑर्गन दणदणीत वाजतो, मग लिटल वॉल्टरचं एवढं कौतुक कशाला?" हे मत काही पटलं नाही बुवा. माइकसमोर वाजवणारे या अमेरिकन ब्लूज वादकाच्या आधीही होते. यानं माइक आणि माउथ ऑर्गन दोन्ही एकाच ओंजळीत घट्ट धरले, हवा निसटायला फटच ठेवली नाही, आणि तो आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून पार फाटेपर्यंत ताणला. ऐकताना क्षणभर सॅक्सोफोनच वाटतो. अ‍ॅम्प्लिफायर हा त्याच्या वाद्याचाच भाग होता म्हणा ना.

१९५२ चं 'ज्यूक' हेडफोन लावून ऐका. धून ई पट्टीत, हातातला माउथ ऑर्गन मात्र ए पट्टीचा. त्यामुळे मोक्याचे सूर फुंकून नाही, श्वास आत ओढून निघतात, आणि ओढता ओढता सूर खाली वाकवता येतो. (माउथ ऑर्गनवर मींड निघत नाही म्हणणाऱ्यांनी तर ऐकाच.) शब्द एकही नाही, तरी बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाच्या आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) यादीत ८ आठवडे पहिल्या नंबरवर! त्या जोरावरच पठ्ठ्यानं ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सचा बँड सोडून वेगळी चूल मांडली. गंमत म्हणजे त्याच्या जागी दुसरा माउथ ऑर्गनवादक ज्युनियर वेल्स मडीकडे गेला आणि वेल्सचे साथीदार वॉल्टरकडे आले.

पुढे दारू आणि मारामाऱ्या. फेब्रुवारी १९६८ मध्ये शिकागोत अशाच एका भांडणानंतर झोपेतच गेला. वय अवघं ३७.